सात वाचला, बारा राहिला

२५ मार्च २०२० हा टाळेबंदीचा पहिला दिवस. त्याच दिवशी गुढीपाडवा होता, ही गोष्ट शहरांच्या स्मरणातून बहुधा गेली असेल. खेड्यांच्या स्मरणातून ती जाणे शक्य नाही. पाडवा हा केवळ गुढी उभारण्याचा दिवस नव्हे. विदर्भ-मराठवाड्यात सालगड्याचे साल त्या दिवशी ठरते, आणि कोणाचे रान कोणी, किती वाट्याने करायचे याची बोलणीही पाडव्यापासून अक्षय्यतृतीयेपर्यंत पारावर किंवा ओसरीवर होतात. त्या वर्षी पार ओस होते. रब्बीचा गहू-हरभरा अंगावर आलेला, नाशिक-सांगलीची द्राक्षे वेलीवर, हळद शिजवायची राहिलेली, कापूस घरात पडून आणि खरेदी केंद्रे बंद. कारखान्याचा भोंगा थांबवता येतो, गाईच्या आचळातले दूध थांबवता येत नाही.

दुसऱ्याच दिवशी, २६ मार्चला, केंद्र सरकारने १ लाख ७० हजार कोटी रुपयांची ‘पंतप्रधान गरीब कल्याण योजना’ जाहीर केली. मोफत धान्य, जनधन खातेदार महिलांना तीन महिने दरमहा ५०० रुपये, उज्ज्वला योजनेतील सिलिंडर, आणि शेतकऱ्यांसाठी ‘पीएम किसान सन्मान निधी’चा २ हजार रुपयांचा हप्ता एप्रिलच्या पहिल्याच आठवड्यात, अशी त्यातील ठळक कलमे होती. ८ कोटी ७० लाख शेतकरी कुटुंबांना हा लाभ मिळेल, असे त्या वेळी सांगण्यात आले होते. एप्रिल संपण्यापूर्वी आठ कोटींहून अधिक खात्यांत ही रक्कम जमा झालेली होती. ज्या दिवसांत तालुक्याच्या गावी जायला पोलिसांचा पास लागत होता, त्या दिवसांत बँकमित्र आणि पोस्टमन अंगठा उमटवून घेऊन दारात रोख रक्कम देत होते.

या घटनेचे मोल कमी लेखण्याचा उद्योग तेव्हाही झाला. हा पैसा नवा नव्हताच, आधीच ठरलेला हप्ता थोडा अलीकडे ओढला, असे टीकाकार म्हणाले. वस्तुस्थिती म्हणून ते खरेच आहे. परंतु संकटकाळी देणे किती याइतकेच ते केव्हा व कोणत्या वाटेने पोहोचते यालाही महत्त्व असते. दिल्लीहून निघालेल्या रुपयातले पंधराच पैसे गरिबापर्यंत पोहोचतात, अशी कबुली या देशाच्या एका पंतप्रधानांनी १९८०च्या दशकात दिली होती. २००८ च्या कर्जमाफीचा अनुभवही फार जुना नाही. सुमारे ७१ हजार कोटींच्या त्या योजनेची महालेखापरीक्षकांनी तपासणी केली, तेव्हा नमुन्यादाखल पाहिलेल्या खात्यांपैकी पाचातील एकाहून अधिक खात्यांत दोष आढळले. पात्र शेतकरी वगळला गेला होता आणि अपात्राचे कर्ज माफ झाले होते. त्या तुलनेत २०२० चा दोन हजारांचा हप्ता मध्ये कोणाचाही हात न लागता गेला. २०१४ साली जनधन खाती उघडली जात असताना शून्य शिलकीची खाती काय कामाची, असा उपहास करणाऱ्यांना त्या एप्रिल महिन्याने परस्पर उत्तर दिले. पश्चिम बंगालमधील शेतकऱ्याला मात्र तेथील राज्य सरकारच्या हटवादीपणामुळे पहिला हप्ता मिळायला १४ मे २०२१ ही तारीख उजाडावी लागली, हेही नोंदवून ठेवले पाहिजे.

एवढे श्रेय मोकळ्या मनाने दिल्यावर पुढचा प्रश्न विचारण्याचा अधिकार प्राप्त होतो. किंबहुना या विचारधारेच्या माणसानेच तो विचारला पाहिजे, कारण अंत्योदय हा शब्द पंडित दीनदयाळ उपाध्यायांनी सार्वजनिक जीवनाला दिला तो शोभेसाठी नव्हे. प्रश्न असा, की वाट चोख होती, पण ती कोणाच्या दारात जाऊन थांबली?

‘पीएम किसान’ची पात्रता एकाच गोष्टीवर ठरते, ती म्हणजे जमिनीच्या अधिकार अभिलेखात नाव असणे. तेही १ फेब्रुवारी २०१९ या तारखेला असले पाहिजे. त्यानंतर केवळ वारसाहक्काने आलेली जमीन ग्राह्य. दुसऱ्याची जमीन कसणारा, मग तो कितीही वर्षे कसत असो, या योजनेत शेतकरी ठरत नाही. हे योजनेच्या प्रश्नोत्तरांत स्पष्ट शब्दांत लिहिलेले आहे. त्यात कोणाची लबाडी नाही.

महाराष्ट्रातील वाचकाला ही गोष्ट सातबाऱ्याच्या भाषेत लवकर उमगेल. सातबारा हा मुळात एक कागद नव्हे, ती दोन नमुन्यांची जोडी आहे. गाव नमुना सात जमीन कोणाची ते सांगतो. गाव नमुना बारा त्या जमिनीत काय पिकले ते सांगतो, आणि रीतसर भरला तर ती कोणी केली हेही त्यावरून कळते. मालक आणि कसणारा हे दोन वेगळे असू शकतात, हे जमीन महसुलाच्या व्यवस्थेला पूर्वीपासून ठाऊक होते, म्हणून तिने दोन नमुने ठेवले. पुढे बारावरची नोंद हळूहळू नावापुरती उरली. तलाठी सज्जात बसून पीकपाहणी लिहू लागला, गेल्या सालचे पीक यंदाच्या रकान्यात उतरू लागले आणि कसणाऱ्याचे नाव तर पुसलेच गेले. सरकारने पैसा पाठवताना सात वाचला. बारा वाचलाच नाही, आणि वाचायला गेले असते तरी त्यात काही सापडले नसते.

यवतमाळ किंवा हिंगोलीकडच्या कोणत्याही गावात हे चित्र दिसेल. पाच एकरांचा खातेदार मुलाकडे पुण्याला राहतो. मुलगा नोकरदार आहे, पण जमीन वडिलांच्या नावे आणि वडिलांना मोठे निवृत्तिवेतन नाही. त्यामुळे नियमाप्रमाणे वडील पात्र. त्यात गैर काही नाही. रान मात्र गावातलाच दुसरा माणूस करतो. विदर्भात तो मक्त्याने करतो, मराठवाड्यात बटईने, पश्चिम महाराष्ट्रात वाट्याने किंवा खंडाने, कोकणात अर्धेलीने. शब्द बदलतो, दशा एकच. बियाणे त्याचे, निम्मे खत त्याचे, बैल त्याचे, रात्रीचे पाणी धरणे त्याचे. एप्रिल २०२० मध्ये बाजार बंद पडून ज्याची भाजी बांधावर सडली तो हा. दोन हजार रुपये जमा झाल्याचा संदेश मात्र पुण्यातल्या मोबाइलवर वाजला. पुढे ऑक्टोबरच्या अतिवृष्टीत सोयाबीन पाण्यात गेले. राज्य शासनाने जिरायतीसाठी हेक्टरी १० हजार, फळबागांसाठी हेक्टरी २५ हजार रुपये मदत जाहीर केली. तीही खातेदाराच्याच खात्यावर. मालक सज्जन असेल तर त्यातले काही कसणाऱ्याच्या हातावर ठेवतो, आणि असे सज्जन मालक गावोगाव आहेत. परंतु शासनाची मदत मालकाच्या सज्जनपणावर सोडून द्यावी काय?

असे कसणारे मूठभर नाहीत. राष्ट्रीय नमुना पाहणीच्या २०१८-१९ च्या फेरीत देशातील सुमारे १७ टक्के जोती दुसऱ्याची जमीन घेऊन केलेल्या आढळल्या. हा आकडा लोकांनी तोंडाने कबूल केलेल्या व्यवहारांचा आहे. तोंडी व्यवहार कबूल न करणारे त्यात नाहीत आणि ते का कबूल करत नाहीत, ही कथा मोठी उद्बोधक आहे.

१९४८ चा मुंबई कुळवहिवाट कायदा आणि त्यातील १९५६ ची दुरुस्ती यांमुळे १ एप्रिल १९५७ हा दिवस ‘कृषक दिन’ ठरला. त्या दिवशी जमीन कसत असलेले कूळ तिचे मालक मानले गेले. ‘कसेल त्याची जमीन’ या घोषणेमागचा हेतू न्याय्य होता, आणि पिढ्यान्पिढ्या राबणाऱ्या लाखो कुटुंबांना त्याने आपली म्हणावी अशी भुई दिली. पण कायद्याची एक छाया मागे राहिली. दोन-चार एकरांचा सामान्य मालक, नोकरीनिमित्त परगावी गेलेला शिक्षक किंवा एकटी पडलेली विधवा, कोणीच त्यानंतर कसणाऱ्याचे नाव कागदावर येऊ देईना. नाव लागले की जमीन गेली, ही भीती तीन पिढ्या मुरली आहे. परिणामी ज्या कायद्याने कसणाऱ्याला मालक केले, त्याच कायद्याने पुढच्या कसणाऱ्याला अदृश्य केले. समाजवादी काळातील कायदे करताना माणसाच्या स्वभावाचा विचार किती झाला होता, हा एक स्वतंत्र लेखाचा विषय आहे.

इथे छत्रपती शिवाजी महाराजांच्या एका पत्राची आठवण अपरिहार्य आहे. ५ सप्टेंबर १६७६ रोजी प्रभावळीचे सुभेदार रामाजी अनंत यांना लिहिलेले ते पत्र अभ्यासकांना सुपरिचित आहे; सभांतून त्याचा उल्लेख होतो, पण त्यातील आर्थिक विचार क्वचितच नीट वाचला जातो. महाराज सुभेदाराला गावोगाव फिरायला सांगतात. कुणबी गोळा करून, ज्याच्याजवळ शेत करण्याची ताकद व माणूसबळ आहे पण बैल, नांगर वा पोटाला धान्य नाही, अशाला बैलांसाठी पैसा आणि खायला धान्य द्यावे, वसुली करताना वाढीदिढी न लावता केवळ मुद्दल आणि तेही त्याला शक्ती येईल तसतसे घ्यावे, असा त्या आज्ञेचा आशय आहे. यासाठी दोन लाख लारीपर्यंत खर्च झाला तरी चालेल, असेही त्यात आहे. मदतीचा निकष काय होता, हे ध्यानात घ्यावे. जमीन पडीक राहू नये आणि ती करू शकणारा माणूस उभा राहावा, हा निकष. त्यासाठी अधिकाऱ्याने कागद पाहायचा नव्हता, माणूस पाहायचा होता. रयतेचा राजा आणि महसुलाचा राजा यांत फरक असतो तो असा.

वाटेकऱ्याइतकीच, कदाचित त्याहून मोठी, दुसरी अदृश्य व्यक्ती घरातच आहे. पेरणी, खुरपणी, वेचणी, दुधाची धार, ही सारी कामे जिच्या हातची, तिचे नाव सातबाऱ्यावर क्वचित असते. २०१५-१६ च्या कृषिगणनेत देशातील सुमारे १४ टक्के जोतीच महिलांच्या नावे होत्या. योजनेत कुटुंब म्हणजे पती, पत्नी व अज्ञान अपत्ये. पैसा मात्र ज्याच्या नावे जमीन त्याच्या खात्यात. हे एरवी घरातल्या घरात निभावून जाते. कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत, २०२१ च्या उन्हाळ्यात, गावागावांतून कर्ते पुरुष गेले तेव्हा ते निभावले नाही. खाते गोठले, वारसनोंद व्हायची, फेरफार व्हायचा, सासरच्या मंडळींची संमती मिळायची; आणि मृगाची पेरणी तर तोंडावर आलेली. महाराष्ट्र शासनाने ऑगस्ट २०२१ मध्ये ‘मिशन वात्सल्य’ सुरू करून या भगिनींची कागदपत्रे एकाच ठिकाणी पूर्ण करण्याचा प्रयत्न केला, तो स्तुत्यच होता. तथापि नवरा हयात असतानाच दोघांची नावे सातबाऱ्यावर असती तर त्या धावपळीची गरजच पडली नसती. शरद जोशी यांच्या शेतकरी संघटनेने ‘लक्ष्मी मुक्ती’ची हाक देऊन हेच सांगितले होते, आणि १९९२ मध्ये शासनाने त्यासाठी योजनाही काढली. शरद जोशींच्या सगळ्या अर्थविचारांशी सहमत असण्याची आवश्यकता नाही. ही एक गोष्ट त्यांनी काळाच्या पुष्कळ आधी ओळखली होती.

आता नाण्याची दुसरी बाजू. कसणारा बाहेर राहिला, आणि न कसणारे आत शिरले. प्राप्तिकर भरणारे, शासकीय सेवेत असलेले, डॉक्टर-वकील असे वर्ग योजनेतून वगळलेले असतानाही त्यांची नावे याद्यांत आली. तमिळनाडूत २०२० च्या ऑगस्टमध्ये तर संकेतस्थळाचे परवलीचे शब्द वापरून लाखो बोगस लाभार्थी घुसवल्याचे उघडकीस आले. शंभर कोटींहून अधिक रक्कम त्यात गुंतलेली होती. जुलै २०२१ मध्ये केंद्रीय कृषिमंत्र्यांनी संसदेत जी माहिती दिली तीनुसार देशभर ४२ लाखांहून अधिक अपात्रांकडून सुमारे २,९९२ कोटी रुपये वसूल करायचे होते. त्यात महाराष्ट्राचा वाटा साडेतीनशे कोटींहून अधिक. सरकारने हा आकडा लपवला नाही, नोटिसा काढल्या, वसुली सुरू केली, पुढे ई-केवायसी सक्तीचे केले. चोरी पकडली जाते हाही थेट हस्तांतरणाचाच गुण. पण प्राप्तिकर भरणाऱ्या माणसाने दोन हजार रुपयांसाठी स्वतःला गरजू शेतकरी म्हणवून घ्यावे, ज्या महिन्यांत शेजारच्या वाटेकऱ्याची चूल दुसऱ्यांच्या शिध्यावर पेटत होती त्या महिन्यांत घ्यावे, ही केवळ प्रशासनाची त्रुटी म्हणता येत नाही.

दोन हजार रुपयांनी होते काय, असा प्रश्न शहरातून नेहमी येतो. त्याचे प्रामाणिक उत्तर दोन भागांत द्यावे लागेल. उपरोक्त पाहणीनुसार शेतकरी कुटुंबाचे सरासरी मासिक उत्पन्न १०,२१८ रुपये होते. त्यात जमीन कसण्यापासूनचे उत्पन्न निम्म्याहूनही कमी. अशा घरात दोन हजार म्हणजे बियाण्याच्या पिशव्या, किराण्याची उधारी, सावकाराच्या ओट्यावर न चढण्याची सोय. ज्याची एकरभर द्राक्षे बेदाण्याच्या भावाने गेली किंवा जरबेराची फुले उकिरड्यावर गेली, त्याच्या दृष्टीने मात्र ती रक्कम नगण्यच होती. आणि येथे आणखी एक स्पष्ट बोलले पाहिजे. १४ सप्टेंबर २०२० रोजी कांद्याच्या निर्यातीवर जी बंदी घातली गेली, ती १ जानेवारी २०२१ पर्यंत राहिली. नाशिक जिल्ह्यातील कांदा उत्पादकाला त्या साडेतीन महिन्यांत जे गमवावे लागले, ते सन्मान निधीच्या हप्त्यांनी भरून येणारे नव्हते. सन्मान हा शब्द योजनेच्या नावात आहे. तो बाजारभावाच्या धोरणातही दिसला पाहिजे. भारतीय किसान संघाने डिसेंबर २०२२ मध्ये दिल्लीच्या रामलीला मैदानावर किसान गर्जना मेळावा घेतला, तो आपलेच सरकार सत्तेवर असताना. निधीत वाढ करा, शेतीच्या निविष्ठांवरील वस्तू व सेवा कर काढा, या त्याच्या मागण्या होत्या. मैत्री असली तरी मागणी करता येते, हे त्या मेळाव्याने दाखवून दिले.

अन्य राज्यांकडेही पूर्वग्रह बाजूला ठेवून पाहण्यास हरकत नसावी. ओडिशाच्या ‘कालिया’ योजनेने २०१९ च्या आरंभी भूमिहीन कुटुंबे व वाटेकरी यांना सामावून घेतले. आंध्र प्रदेशाने २०१९ मध्ये पीक कसणाऱ्याच्या हक्कांचा कायदा केला. मालकाच्या संमतीने अकरा महिन्यांचे पत्रक मिळते, त्यावर पीककर्ज व मदत मागता येते आणि मालकीला त्याने बाधा येत नाही. हे पत्रक सर्वांना मिळाले असे नाही. मालक संमती द्यायला तिथेही कचरतात. तेलंगणच्या ‘रयतु बंधू’ने मात्र एकराच्या हिशेबाने पैसा वाटला आणि वाटेकऱ्याला वगळले, तिथे ज्याच्याकडे जमीन जास्त त्याला मदत जास्त, असे विपरीत चित्र झाले. ‘पीएम किसान’मध्ये निदान हा दोष नाही, दोन एकरवाला आणि वीस एकरवाला यांना रक्कम सारखीच मिळते.

महाराष्ट्रात या प्रश्नाला आज पुन्हा तातडी आली आहे. २०२३ मध्ये राज्याने ‘नमो शेतकरी महासन्मान निधी’ सुरू करून आणखी सहा हजार रुपयांची भर घातली, ती ‘पीएम किसान’च्याच यादीवर. म्हणजे यादीत असलेल्याला वर्षाला बारा हजार, यादीबाहेरच्याला शून्य. अंतर दुप्पट झाले. आता शेतकऱ्यांना ओळख क्रमांक देण्याचे काम चालू आहे, आणि पुढे कर्ज, विमा, अनुदान, भरपाई हे सारे त्या क्रमांकाला जोडले जाणार. हा क्रमांकही जमिनीच्या नोंदीवरूनच तयार होतो. एप्रिल २०२० मध्ये घाई होती, माणसे मरत होती, हाताशी जी यादी होती ती वापरली. तेव्हा ते योग्यच होते. आज अशी घाई नाही. आज वगळलेला माणूस पुढची वीस वर्षे वगळलेला राहील.

उपाय करायचा तर साधने हाताशी आहेत. १५ ऑगस्ट २०२१ पासून राज्यभर ई-पीक पाहणी सुरू झाली आहे. शेतकरी स्वतः बांधावर उभा राहून पिकाचे छायाचित्र पाठवतो. ज्या मोबाइलवर पिकाची नोंद होते, त्यावर कसणाऱ्याची नोंद करणे तंत्रज्ञानाच्या दृष्टीने अवघड नाही. अवघड आहे ते कायद्याचे अभय देणे. हंगामापुरती केलेली ही नोंद कुळाचा हक्क निर्माण करणार नाही, असे निःसंदिग्ध कलम विधिमंडळाने घातल्याशिवाय एकही मालक संमती देणार नाही, आणि त्याला दोष देता येणार नाही. खोट्या नोंदी होतील, ही शंकाही रास्त आहे. पण कोणाचे रान कोण करतो हे तलाठ्याला ठाऊक नसले तरी गावाला ठाऊक असते. ग्रामसभेत यादी वाचली तर खोटे नाव टिकणार नाही. पाडव्याला पारावर दोन माणसांच्या साक्षीने जो व्यवहार ठरतो, तो त्याच आठवड्यात ग्रामसभेच्या वहीत उतरवून घेण्यास सरकारला एका पैशाचाही खर्च नाही.

गेल्या पाडव्यालाही ते व्यवहार तोंडीच झाले.